छाटणीच्या फोटोतला तो पोरगा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात फोटो आला होता, रस्त्यावरच्या रेन ट्रीच्या फांद्या छाटतायत आणि खाली लिहिलेलं 'पावसाळापूर्व कामांना वेग'. बातमी बरोबरच आहे हो, पण फोटो जरा मोठा करून बघा. पोरगा वीसेक फुटांवर फांदीच्या बेचक्यात उभा, डोक्याला गमछा, कमरेला काथ्याचा दोर, एक हात फांदीला आणि दुसऱ्या हातात चालू चेनसॉ, म्हणजे साखळीची मशीन-करवत. एका हातात! मी स्वतः पुण्यात चौदा वर्षं झाडकटाईचीच कामं घेतो, चार माणसांची टोळी आहे आमची, म्हणून नजर पहिली तिथेच गेली, बाकीच्यांना त्यात काही वावगं दिसलंही नसेल.

तो अनवाणी होता त्याबद्दल मी बोलणार नाही, सालीवर बुटापेक्षा पाय चांगला धरतो हे कुठल्याही चढणाऱ्याला विचारा. भीती मशीनची. पात्याच्या टोकाचा वरचा भाग मागच्या फांदीला नुसता टेकला तरी मशीन उलटी तोंडावर येते. डावा हात पुढच्या दांड्यावर असेल तर मनगट दांड्यापुढच्या गार्डला लागून ब्रेक बसतो आणि चेन थांबते, तोच हात फांदीला असला तर मग देवाचं नाव घ्यायचं.

मी शहाणा आहे म्हणून सांगत नाहीये, २०१९ ला पडलेला गुलमोहर जमिनीवर कापताना साध्या जीन्सवर मशीन मांडीला लागली आणि अकरा टाके पडले. त्यानंतर चेनसॉची पँट घेतली. तिच्या आत लांब धाग्यांचे थर असतात, चेन लागली की धागे ओढले जाऊन मशीनच्या चक्रीत गुंततात आणि मशीन जागच्या जागी बंद पडते. आता गंमत बघा, साधी मशीन ऑनलाइन सहा-सात हजारात घरपोच येते, कशी धरायची ते शिकवायला कोणी येत नाही, आणि ती पँट मला साडेसात हजाराला पडली. कोण घेणार? आणि खरं सांगायचं तर मे महिन्यात ती घातली की भट्टीत बसल्यासारखं होतं, पोरं काढून फेकतात. शेवटी आम्ही नुसतं पुढून झाकणारं, मागून मोकळं असं घेतलं, तेवढं तरी घालतात. कानाचं तर कोणाच्या गावीही नसतं. पेट्रोल मशीनचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, आमचा दोर धरणारा जुना माणूस फोनवर ओरडून बोलतो ती मला इतकी वर्षं सवय वाटायची.

कमरेच्या पट्ट्याबद्दल पण लिहितो कारण सोसायटीवाले 'बेल्ट आहे ना' एवढंच विचारतात. नुसत्या कमरेवर माणूस लटकला तर पाठ तरी मोडते नाहीतर तो पट्ट्यातून निसटतो, त्याला खांद्यामांड्यांवरून येणारा पूर्ण हार्नेसच लागतो. वर चेनसॉ घेऊन काम असेल तर एका दोरावर भागत नाही, कारण जी चेन फांदी कापते ती दोर पण कापते. दुसरा दोर आत तार असलेला पाहिजे.

आता मुख्य दुखणं. एका सोसायटीने तीन कोटेशन मागवली, माझं सगळ्यात जास्त, कारण त्यात दोर धरायला दोन माणसं, हार्नेस, विमा सगळं धरलेलं. सेक्रेटरी म्हणाले, काका, फांद्याच तोडायच्यात, तुमच्या बेल्टचे पैसे आम्ही का द्यायचे? काम दुसऱ्याला गेलं, अर्ध्या दिवसात झालं, कोणाला खरचटलं पण नाही, म्हणून पुढच्या वर्षी परत त्यांनाच बोलावलं.

कायद्याचं म्हणाल तर झाडासाठी १९७५ चा कायदा आहे, परवानगी लागते, २०२१ च्या दुरुस्तीपासून तोडलेल्या झाडाचं वय जेवढं तेवढी नवी झाडं लावायची. चांगलंच आहे, माझा विरोध नाही. पण झाडाचं वय मोजणाऱ्या त्या कागदात चढणाऱ्याबद्दल एक ओळ मी आजवर वाचली नाही. कामाच्या जागी सुरक्षेचा नवा कोड नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला, तो मुख्यतः दहा किंवा जास्त कामगार असतील तिथे, आमच्या लायनीत दहा जणांची टोळी असते कुठे. नारळावर चढणाऱ्यांसाठी नारळ विकास बोर्डाची केरा सुरक्षा म्हणून विमा योजना आहे, मग गुलमोहरावरून पडणारा काय कमी जोरात आपटतो का?

म्हणून मागणी एवढीच की परवानगीच्या कागदावरच लिहा, हार्नेस, हेल्मेट आणि विमा नसेल तर फांदीला हात लावायचा नाही, म्हणजे सगळ्यांचेच रेट त्या हिशोबाने येतील आणि माझ्यासारख्याला वेड्यात काढणार नाहीत.

आणि फोटो परत छापायचा असेल तर फोटोग्राफरला आमच्या साइटवर पाठवा, एका जांभळाचं काम शनिवारपर्यंत चालू आहे. सकाळी लवकर या म्हणावं, अकरानंतर उन्हामुळे आम्ही वरचं काम थांबवतो.

आपला,
एक झाडकटाई ठेकेदार, पुणे