वजनाच्या आकड्यामागची सावली

महोदय,

कापसाचा हंगाम तोंडावर आहे. जिनिंगवर गाडी काट्यावर चढली की काही ठिकाणी वजन संगणकावरच्या अर्धपारदर्शक खिडकीत दिसते. जुना आकडा पुसला न जाता त्यावरच नवा उमटतो. आठावर तीन आला की आठच वाचला जातो. काट्याला वैधमापनाचा शिक्का असतो, पण कास्तकाराची नजर स्क्रीनवर असते. मग मॉनिटर बदलतात, विंडोज नव्याने टाकतात. दोष मात्र प्रोग्राममध्ये असतो.

प्रोग्राम जावा स्विंगमध्ये (जावा भाषेतल्या खिडक्या-बटणांच्या संचात) लिहिला असेल, तर 'ओपेक' म्हणजे अपारदर्शक ठरवलेला घटक आपली सगळी जागा स्वतः रंगवण्याची हमी देतो, म्हणून स्विंग त्याच्यामागचे काहीच रंगवत नाही. पार्श्वभूमीला अल्फा (रंग किती अपारदर्शक ते सांगणारा ० ते २५५ मधला आकडा) २५५ पेक्षा कमी असलेला रंग दिला की ही हमी खोटी ठरते. जुने आकडे, कधी शेजारच्या बटणाचा तुकडाही, तिथेच राहतो आणि दर वेळी रंगाचा थर चढून खिडकी काळवंडत जाते.

प्रोग्राम लिहिणाऱ्यासाठी उपाय मोजक्या ओळींचा आहे. सेटओपेक फॉल्स करा, म्हणजे ती हमी काढून घ्या. पेंटकंपोनंटमध्ये (घटक रंगवणाऱ्या मेथडमध्ये) आधी सुपरला, म्हणजे मूळ वर्गाच्या त्याच मेथडला हाक द्या, मग अल्फा १२० चा रंग घेऊन फिलरेक्टने पूर्ण चौकोन भरा, शेवटी आकडा रेखाटा. गेटग्राफिक्स घेऊन बाहेरून थेट आकडा रेखाटू नका. खिडकी पुन्हा रंगवली गेली (रीपेंट) की तो टिकत नाही. अख्खी फ्रेमच, म्हणजे बाहेरची मुख्य खिडकी, पारदर्शक हवी असेल तर ती दाखवण्याआधी सेटअनडेकोरेटेड ट्रू करून तिची शीर्षकपट्टी व कडा काढा, नाहीतर जावा ७ पासून एक्सेप्शन (चालताना येणारी चूक) येते.

काट्याचे वाचन सिरियल पोर्टच्या वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्राममधल्या समांतर कामावर) येते. तिथूनच लेबल बदलले तर आकडा कधीकधी अर्धवट रंगतो, आणि ही चूक रोज दिसत नसल्याने सापडायला जास्त अवघड. तो बदल स्विंगयुटिलिटीजच्या इन्व्होकलेटरमधूनच करा; तो काम खिडकी रंगवणाऱ्या थ्रेडकडे सोपवतो.

सी++ मध्ये अपडेटलेअर्डविंडो (अर्धपारदर्शक खिडकीसाठीचे विंडोजचे फंक्शन) वापरणाऱ्यांनी लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे आधी अल्फाने गुणून २५५ ने भागावेत. अल्फा १२८ असेल तर २५५ चा लाल १२८ होतो. हे राहिले की अक्षरांच्या कडा पांढरट दिसतात.

प्रोग्राम देण्याआधी खिडकीत चार वेळा आठ, लगेच चार वेळा एक दाखवून पाहा. मग दुसरी खिडकी तिच्यावरून ओढून न्या. एकाच्या मागे आठाची रेघ दिसली, तर तो प्रोग्राम काट्यावर बसवू नये, आणि जिनिंगमालकांनीही हे समोर करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

— एक संगणक शिक्षक,
ता. समुद्रपूर, जि. वर्धा