श्टुटगार्टच्या ताईंना जाहीर धन्यवाद

ताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे हो वहिनी" म्हणून विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय. शिवाय मुलांकडे जर्मनीला निघालेल्या आमच्यासारख्या आईवडिलांनाही ते उपयोगी पडेल.

आम्ही तिकडे आलो होतो नातीच्या कौतुकापोटी. मुलगा दिवसभर ऑफिसात, सून बाळात गुंतलेली. अशा वेळी खालच्या मजल्यावर तुमच्यासारखी गिरगावची बाई भेटावी हे आमचं नशीब. "मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं आहेत, मी मावशीकडेच राहतेय," असं तुम्ही म्हणालात आणि ह्यांचा चेहरा खुलला.

सगळ्यात मोठा उपकार गाडीच्या पूजेचा. मुलाने गाडी घेतली, तिच्यावर स्वस्तिक काढायला मी कुंकू कालवून ठेवलं. तुम्ही आदल्या दिवशीच चहाला बोलावून शांतपणे समजावलंत. हिटलरच्या नाझी पक्षाचं चिन्हही स्वस्तिकाच्याच आकाराचं, आणि नाझी चिन्हं जाहीरपणे वापरण्याला तिथल्या फौजदारी कायद्याच्या कलम 86अ नुसार दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपला स्वस्तिक धर्माचा, त्याचा त्या पक्षाशी संबंध नाही, हे खरंच. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला बॉनेटवरचा आकार तेवढा दिसतो, आणि ज्या घरातली माणसं नाझींच्या छळछावण्यांत गेली त्यांच्या काळजात काय होत असेल? "देवघरात खुशाल काढा, गाडीवर श्री काढू," म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या करंगळीने काढलातही. दारातल्या रांगोळीचंही तसंच, तिथे मी कमळ आणि गोपद्मं काढली. नुसतं "इथे बंदी आहे" म्हटलं असतंत तर मी हटून बसले असते, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

केरवोखेचं, म्हणजे पाळीपाळीने येणाऱ्या झाडलोटीच्या आठवड्याचं, मात्र मला फार कौतुक. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते, आणि त्या आठवड्यात जिना झाडणं-पुसणं, दारापुढची वाट स्वच्छ ठेवणं त्याच्याकडे. मुलाच्या दाराला पाटी आली तेव्हा तुम्ही ह्यांना ओलं फडकं कठड्याच्या खालच्या बाजूनेही कसं फिरवायचं ते दाखवलंत. समोरच्या आजी तिथेच बोट फिरवून बघतात म्हणे! आमच्या सोसायटीत हे सुरू करावं असं ह्यांच्या डोक्यात आहे. मला आशा नाही.

रविवारचं मला अजून पटलेलं नाही. दुकानं बंद, ड्रिलिंग बंद, व्हॅक्यूम क्लीनर लावायचा नाही, काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण त्या फुटल्याचा आवाज होतो. रात्री दहा ते सकाळी सहा तर शांतता हवीच. मिक्सरवरची चटणी शनिवारीच करून ठेवायची हा तोडगा तुमचाच.

बाकी बारीकसारीक किती सांगू? स्टेशनावर फाटक नसतं म्हणून गाडी फुकट नव्हे, तपासनीस साध्या कपड्यांत येतात आणि दंड 60 युरो. सिग्नलचा लाल माणूस असताना रस्ता रिकामा असला तरी थांबायचं, विशेषतः शेजारी लहान मूल उभं असेल तर. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर 25 सेंट अनामत असते, रिकामी बाटली मशीनला दिली की ती परत मिळते; ह्यांना तो नादच लागला. दुसऱ्यांच्या बाळांचे गाल ओढायचे नाहीत, फोटो तर विचारल्याशिवाय मुळीच नाही. आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी दिल्या तर तो अपशकुन! म्हणजे शकुन-अपशकुन मानणारे आपणच नाही, हे ऐकून मला फार बरं वाटलं.

आता एक काम. आमच्या विहीणबाई पुढच्या महिन्यात तिकडे येताहेत. त्यांना तुमचा नंबर देऊ का? इथे कुणी विचारत नाही, पण तुमच्याकडे विचारायची रीत आहे. त्यांच्याबरोबर पेढे पाठवणार होते, पण दुधाचे पदार्थ युरोपात आणू देत नाहीत हे तुम्हीच बजावलं होतंत. तेव्हा मेतकूट आणि डांगराचं पीठ पाठवतेय. पाकिटावर नाव लिहून देईन, नाहीतर तपासणीत त्यांना पिवळ्या पुडीचा खुलासा करत बसावं लागेल.

तुमची,
वरच्या मजल्यावरची वहिनी