नवा मराठी चित्रपट परक्या प्रेक्षकापर्यंत नेण्याची रीत

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मराठी चित्रपटांना चित्रपटगृहे मिळत नाहीत आणि मिळाली तरी भलत्याच वेळेचे खेळ वाट्याला येतात, ही तक्रार आपल्या पुरवणीत वारंवार वाचायला मिळते आणि ती खरीही आहे. परंतु या चर्चेत एक बाजू जवळजवळ कधीच येत नाही. ज्या प्रेक्षकाला आपली भाषा कळत नाही आणि आपल्या एकाही नटाचे नाव ज्याच्या कानावर गेलेले नाही, अशा प्रेक्षकापुढे आपले नवे चित्रपट दरवर्षी नेमाने मांडण्याची काही कायमची व्यवस्था आपल्याकडे आहे काय? फ्रान्सने अशी व्यवस्था खुद्द अमेरिकेत, म्हणजे जगातील सर्वांत बलाढ्य चित्रपटव्यवसायाच्या घरात, उभी केली आहे आणि तीन दशके टिकवली आहे. तिची माहिती आपल्या वाचकांपुढे यावी आणि तिच्यातले आपल्याला घेण्यासारखे काय आहे याचा विचार व्हावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

न्यूयॉर्क शहरातील लिंकन सेंटर ही संगीत, नृत्य, नाट्य आणि चित्रपट या कलांची नामांकित वास्तू आहे. तेथील चित्रपटसंस्था १९६९ साली स्थापन झाली आणि १९६३ पासून चालत आलेला न्यूयॉर्क चित्रपट महोत्सव आज तीच भरवते. या संस्थेने, फ्रेंच चित्रपटाचा परदेशांत प्रसार करणाऱ्या ‘युनिफ्रान्स’ या संस्थेबरोबर, १९९६ मध्ये ‘रांदेव्हू विथ फ्रेंच सिनेमा’ नावाचा महोत्सव सुरू केला. फेब्रुवारीची अखेर ते मार्चचा मध्य या सुमारास, साधारण दहा दिवस, वीसच्या आसपास नवे फ्रेंच चित्रपट त्यात दाखवले जातात. २०२५ साली त्याचे तिसावे वर्ष झाले. प्रमुख खेळ होतात ते वॉल्टर रीड थिएटरमध्ये. या थिएटरची आसनसंख्या तीनशेहूनही कमी आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. महोत्सव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भव्य मंडप, विद्युत रोषणाई आणि पाहुण्यांची लांबलचक यादी उभी राहते. येथे एक मध्यम आकाराचे उत्तम प्रेक्षागृह आहे, ठरलेले दिवस आहेत आणि निवडलेले चित्रपट आहेत. दिग्दर्शक आणि कलावंत स्वतः येऊन प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देतात. मुरलेल्या दिग्दर्शकाच्या चित्रपटाशेजारी एखाद्या तरुणाचा पहिलाच चित्रपट ठेवलेला असतो. पहिल्यासाठी आलेला प्रेक्षक दुसऱ्याही खेळाला थांबतो आणि नवख्या कलावंताला परक्या देशात पहिला प्रेक्षकवर्ग मिळतो.

हा महोत्सव न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या फ्रेंच माणसांच्या करमणुकीसाठी भरवलेला नाही. तेही येत असतील. पण सारी आखणी इंग्रजी उपशीर्षके वाचून चित्रपट पाहणाऱ्या अमेरिकन रसिकासाठी केलेली असते. त्या रसिकाचा विश्वास आधीच लिंकन सेंटरवर आहे. तेथे जे लागते ते पाहण्याजोगे असते, हा त्याचा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे आणि फ्रेंच चित्रपट त्या विश्वासाच्या आधाराने त्याच्यापर्यंत पोहोचतो. काही चित्रपटांना अमेरिकन वितरक आधीच मिळालेला असतो, काहींना तो मिळायचा असतो. सभागृहात वितरक असतात, वृत्तपत्रांचे समीक्षकही असतात, आणि पुढे शहराशहरांत चित्रपट लागण्याची वाट तेथून सुरू होते. यजमान संस्था परकी असणे हा या रचनेचा प्राण आहे. स्वतःच निवड करायची, स्वतःच सभागृह भाड्याने घ्यायचे आणि स्वतःच टाळ्या वाजवायच्या, असा मार्ग युनिफ्रान्सने पत्करला नाही.

पश्चिम किनाऱ्यावरही असाच उपक्रम आहे. लॉस एंजेलिसमध्ये सनसेट बुलेव्हार्डवरच्या दिग्दर्शक संघटनेच्या वास्तूत फ्रेंच चित्रपटांचा महोत्सव अनेक वर्षे भरत आला आहे. तो ‘कोलकोआ’ या नावाने ओळखला जात असे आणि २०२२ पासून त्याने ‘द अमेरिकन फ्रेंच फिल्म फेस्टिव्हल’ हे नाव घेतले. त्याच्यामागचा निधी अमेरिकेतील दिग्दर्शक व लेखकांच्या संघटना, तेथील मोठ्या निर्मितीसंस्थांचा संघ आणि फ्रान्समधील संगीतकारांची हक्कसंस्था यांनी मिळून उभारलेला आहे. हॉलिवूडचे व्यावसायिक स्वतःच्या अंगणात परभाषेतील चित्रपटांना आसन देतात आणि शहरातील शाळांच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळे खेळही ठेवले जातात, ही गोष्ट मला स्पर्धेच्या गप्पांपेक्षा अधिक मोलाची वाटते.

फ्रान्सला हे सहज साधलेले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तो देश कर्जात बुडालेला होता. मे १९४६ मध्ये अमेरिकेशी झालेल्या करारात कर्जमाफी व नवे कर्ज मिळवताना त्याला अमेरिकन चित्रपटांसाठी दारे उघडावी लागली आणि फ्रेंच चित्रपटांसाठी तिमाहीतील तेरा आठवड्यांपैकी केवळ चार आठवडे राखीव उरले. त्याविरुद्ध कलावंत आणि तंत्रज्ञ पॅरिसच्या रस्त्यांवर उतरले. १९४६ मध्येच राष्ट्रीय चित्रपट केंद्र स्थापन झाले, १९४८ मध्ये तिकिटावरील करातून चित्रपटांना साहाय्य देण्याचा कायदा झाला आणि १९४९ मध्ये परदेशांत फ्रेंच चित्रपटाचा प्रसार करण्यासाठी युनिफ्रान्स जन्माला आली. आजही फ्रान्समध्ये चित्रपटाच्या प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के कर घेतला जातो आणि तो राष्ट्रीय केंद्रामार्फत चित्रपटव्यवसायाकडेच परत येतो. या कराला चित्रपटाच्या देशाची अट नाही. पॅरिसमधला प्रेक्षक हॉलिवूडचा चित्रपट पाहतो तेव्हाही त्याच्या तिकिटातला वाटा पुढच्या फ्रेंच चित्रपटांच्या मदतीसाठी जमा होत असतो. तिकिटावर कर आपणही भरतो, परंतु तो सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो आणि नंतर अर्थसाहाय्यासाठी निर्मात्यांना त्याच तिजोरीपुढे रांगेत उभे राहावे लागते.

आता मी मराठवाड्यातल्या वाचकाला सर्वांत जवळच्या वाटेल अशा भागाकडे येतो. फ्रान्सची अमेरिकेतील सांस्कृतिक यंत्रणा केवळ न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसवर थांबलेली नाही. अमेरिकेतील महाविद्यालयांनी व विद्यापीठांनी आपल्या आवारात फ्रेंच चित्रपटांचा छोटा महोत्सव भरवावा यासाठी त्यांना अनुदान देण्याची एक योजना पूर्वी ‘तूर्ने’ या नावाने चालत असे आणि आता ती ‘आल्बर्टीन सिनेमातेक’ या नावाने चालते. महाविद्यालयाने अर्ज करायचा, उपलब्ध यादीतून चित्रपट निवडायचे आणि प्रदर्शनाच्या हक्कांचा खर्च अनुदानातून भागवायचा, अशी तिची साधी पद्धत आहे. ज्या गावात परभाषेतील चित्रपट लावणारे एकही चित्रपटगृह नाही, तेथल्या विद्यार्थ्याला त्यामुळे तो मोठ्या पडद्यावर, वर्गमित्रांच्या शेजारी बसून आणि शिक्षकांशी चर्चा करत पाहता येतो. मोठ्या शहरातल्या महोत्सवाने चित्रपटाचे नाव व्हावे आणि अशा योजनेने तो गावोगाव जावा, ही जोडी मला या साऱ्या खटाटोपातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. चित्रपट मंडळांच्या काळात मराठवाड्यातील तालुक्याच्या गावीदेखील पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडून सोळा मिलिमीटरच्या प्रिंट मागवल्या जात. परदेशी वकिलातींकडचे चित्रपटही चित्रपट मंडळांच्या फेडरेशनमार्फत मंडळांना मिळत आणि त्यांत फ्रेंच चित्रपट असत. पत्र्याच्या पेट्या एसटीने येत, महाविद्यालयाच्या सभागृहात खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला जाई आणि रीळ बदलेपर्यंत प्राध्यापक, वकील, कापूस बाजारातले आडते, विद्यार्थी असे सगळे आधीच्या प्रसंगावर वाद घालत बसत. माझी चित्रपटाची जाण, जी काही आहे ती, अशाच सभागृहात घडली. फ्रान्सने आपले चित्रपट इतक्या दूरवर पाठवण्याची तसदी घेतली म्हणून परभणी-अंबाजोगाईकडच्या माणसांना ते पाहता आले, याची कृतज्ञता माझ्या मनात आजही आहे.

मराठी चित्रपटाच्या अंगी परक्या प्रेक्षकाला जिंकण्याचे बळ आहे की नाही, ही शंका तर आता उरू नये. ‘संत तुकाराम’ची दखल व्हेनिसच्या महोत्सवाने १९३७ मध्येच घेतली होती. २०१४ साली त्याच व्हेनिसमध्ये ‘कोर्ट’ हा चित्रपट ‘ओरिझाँती’ विभागात सर्वोत्कृष्ट ठरला आणि जानेवारी २०२५ मध्ये ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाने अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या स्पर्धेतले सर्वोच्च पारितोषिक मिळवले. परंतु हे सारे एकेका दिग्दर्शकाच्या जिद्दीचे यश आहे. पारितोषिकाची बातमी आपण पहिल्या पानावर वाचतो, अभिनंदनाचे फलक लागतात आणि त्या चित्रपटामागून येणाऱ्या दुसऱ्या मराठी चित्रपटाला पुन्हा पहिल्यापासून दारे ठोठवावी लागतात. अमेरिकेत मराठी चित्रपट दाखवले जातात हे खरे. महाराष्ट्र मंडळे ते आपुलकीने करतात आणि सॅन होजे येथे २०२४ पासून मराठी चित्रपटांचा स्वतंत्र महोत्सवही भरू लागला आहे. त्या मंडळींच्या श्रमांबद्दल मला आदरच आहे. मात्र ते खेळ प्रामुख्याने मराठी माणसांसाठी असतात. शेजारच्या घरातल्या अमेरिकन माणसाने उठून मराठी चित्रपटाला जावे, यासाठी लागणारी यंत्रणा वेगळी आहे आणि ती आपल्यापाशी अजून नाही.

तेव्हा राज्याचे सांस्कृतिक कार्य खाते आणि गोरेगावच्या चित्रनगरीचे महामंडळ यांनी पुढील दिशेने पाऊल टाकावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. अमेरिकेतील एखाद्या प्रतिष्ठित चित्रपटसंस्थेशी दीर्घ मुदतीचा करार करून दरवर्षी ठरलेल्या आठवड्यात मोजके नवे मराठी चित्रपट तेथे दाखवावेत. पाच-सहा चित्रपट असले तरी पुरे, पण खंड पडू नये. निवडीत यजमान संस्थेचा शब्द निर्णायक असावा, कारण तेथील प्रेक्षकाची नस तिलाच ठाऊक असते आणि मंत्रालयातील समितीने ठरवलेली यादी तेथे कोणी विश्वासाने स्वीकारणार नाही. दिग्दर्शकाला प्रवासखर्च द्यावा. अधिकाऱ्यांचे शिष्टमंडळ नेण्याची गरज नाही. उपशीर्षकांसाठी वेगळी तरतूद हवी. आज अनेक निर्माते शेवटच्या आठवड्यात घाईघाईने हे काम उरकतात आणि जालना, बीड, नांदेडकडच्या बोलीत रंगलेला संवाद सपाट इंग्रजीत पार निस्तेज होऊन जातो. या कामाला लेखकाइतकाच जाणता माणूस लागतो आणि त्याला त्याप्रमाणे मानधनही द्यावे लागते.

त्याचबरोबर, आणि माझ्या लेखी हे तितकेच आवश्यक आहे, अमेरिकेला जाणारे तेच चित्रपट त्याच वर्षी मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत महाविद्यालयांमार्फत दाखवले जावेत. छत्रपती संभाजीनगरला अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने जागतिक चित्रपटाची आवड निर्माण केली आहे आणि तिथल्या तरुणांची उपस्थिती पाहिली की मन भरून येते. पण हिंगोली किंवा धाराशिवच्या विद्यार्थ्याला चार-पाच दिवस शहरात राहून चित्रपट पाहणे परवडत नाही. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड या दोन विद्यापीठांना संलग्न असलेल्या महाविद्यालयांची संख्या मोठी आहे. अनेकांकडे चांगली सभागृहे आणि प्रोजेक्टर आहेत, आणि ते वर्षातून स्नेहसंमेलनापुरतेच उपयोगात येतात. प्रदर्शनाच्या हक्कांचा खर्च आणि दिग्दर्शकाला एका दौऱ्यात चार गावे फिरवण्याची सोय एवढे शासनाने केले, तर बाकीचे आमचे प्राध्यापक आणि विद्यार्थी आनंदाने करतील.

पाणी, पीकविमा आणि रोजगार यांचे प्रश्न उभे असताना मराठवाड्याच्या माणसाने अमेरिकेतल्या चित्रपट महोत्सवाचा विचार कशाला करावा, असे कोणी विचारील, आणि हा प्रश्न मला गैर वाटत नाही. परंतु १९४६ सालच्या फ्रान्समध्येही पाव शिधापत्रिकेवर मिळत होता. त्या दिवसांत तेथील लोकांनी आपल्या चित्रपटासाठी संस्था उभारल्या, म्हणून आज त्या संस्था आहेत. शिवाय मी मागतो आहे ती रक्कम मोठी नाही. दर्जेदार मराठी चित्रपटांना अर्थसाहाय्य देण्याची योजना राज्यात आहेच. ज्या चित्रपटावर सार्वजनिक पैसा खर्च झाला तो प्रेक्षकापर्यंत पोहोचावा, एवढीच पुढची पायरी बांधायची आहे.

यासाठी एक संधीही हाताशी आहे. भारत आणि फ्रान्स यांच्यात चित्रपटांच्या सहनिर्मितीचा करार १९८५ पासून आहे. मुंबईतल्या परिचारिकांची गोष्ट सांगणारा आणि अंशतः रत्नागिरीकडे चित्रित झालेला भारत-फ्रान्स सहनिर्मितीचा चित्रपट, ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’, २०२४ मध्ये फ्रान्समधील कान महोत्सवात ‘ग्रां प्री’ या दुसऱ्या क्रमांकाच्या सन्मानाला पात्र ठरला. महाराष्ट्र शासन कानच्या चित्रपट बाजारात मराठी चित्रपट यापूर्वीपासून पाठवत आले आहे. तेथे जाणाऱ्या प्रतिनिधींनी पुढच्या खेपेस युनिफ्रान्सच्या कार्यकर्त्यांची भेट घ्यावी, यजमान संस्थेशी करार कसा करतात, निवडीची वाटणी कशी ठरते आणि महाविद्यालयांच्या अनुदानाचा हिशेब कसा ठेवतात हे समजून घ्यावे आणि तो अहवाल मराठीत सर्वांसाठी खुला करावा. आपल्या वृत्तपत्राने हा विषय लावून धरला, तर येत्या अर्थसंकल्पापूर्वी मराठवाड्यातील आमदारांपुढे तो मांडण्यास आम्ही काही चित्रपटप्रेमी मंडळी तयार आहोत.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राध्यापक,
परभणी