कुलासो यांचे मोजमाप एका पराभवावर नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

खालिद जमील यांची भारतीय फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकपदी निवड झाल्यानिमित्त आपल्या कालच्या क्रीडापानावर आलेला लेख वाचला. जमील यांच्याविषयी त्यात जे चांगले लिहिले आहे त्याच्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. आयझॉलसारख्या लहान क्लबला २०१६-१७ मध्ये आय-लीग ही देशातली तेव्हाची अव्वल लीग जिंकून देणाऱ्या माणसाला ही संधी खरे तर कितीतरी आधी मिळायला हवी होती. मात्र याच लेखात याआधीच्या भारतीय प्रशिक्षकांचा आढावा घेताना २०११ मध्ये काही महिने राष्ट्रीय संघ सांभाळणाऱ्या आर्मांदो कुलासो यांना दीड ओळीत निकालात काढले आहे. त्यांची कारकीर्द अल्प आणि निष्प्रभ ठरली व संयुक्त अरब अमिरातीकडून भारत ०-३ असा हरला, एवढीच त्यांची दखल. ज्यांनी गोव्याच्या धेंपो क्लबला पाच वेळा देशाचा विजेता केले, त्यांची गोव्यातल्याच वर्तमानपत्राने अशी बोळवण करावी याचा मला संताप आला आणि तो मी लपवू इच्छित नाही.

आधी त्या ०-३ विषयी. माझा धाकटा मेहुणा तेव्हा अबुधाबीत नोकरीला होता आणि कार्यालयातल्या मल्याळी मित्रांबरोबर तो २३ जुलै २०११ चा तो सामना पाहायला अल ऐनच्या मैदानावर गेला होता. सामना सुरू होऊन अर्धा तासही झाला नसेल, तोच त्याचा फोन आला. मागे इतका गलका होता की त्याचे निम्मे बोलणे ऐकू येत नव्हते. ‘‘भावजी, दोघे बाहेर गेले, आपले नऊच राहिले,’’ एवढे मात्र स्पष्ट ऐकू आले. आधी देबब्रत रॉय आणि त्यांच्यामागोमाग गोलरक्षक सुब्रत पाल यांना लाल कार्ड मिळाले होते, आणि दोन्ही वेळा अमिरातीला पेनल्टीही मिळाली होती. विश्वचषक पात्रता फेरीचा सामना, परक्या देशात, जुलैचे आखाती हवामान, आणि तासाभराहून अधिक काळ नऊ खेळाडू! तरीही त्या सगळ्या वेळात आपल्यावर आणखी एकच गोल झाला. ज्या संघाची शिस्त मोडलेली असते त्याच्यावर अशा सामन्यात सात-आठ गोल चढतात. पाच दिवसांनी दिल्लीत त्याच अमिरातीला आपण २-२ असे रोखले, आणि अल ऐनच्या आधीच्या आठवड्यात दोह्यात कतारला २-१ असे हरवले होते. आपल्या लेखकाला या तीनपैकी एकच निकाल आठवावा, हे मला पटत नाही. त्यानंतरच्या कॅरिबियन दौऱ्यात आपण हरलो हे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच वर्षी जानेवारीत, आशिया चषकात कुलासो यांच्या आधीचे परदेशी प्रशिक्षक बॉब हॉटन यांच्या संघावर तीन सामन्यांत १३ गोल झाले होते, आणि हॉटन यांच्या हाती संघ २००६ पासून होता. कुलासो यांना काही महिने मिळाले, तेही धेंपोची जबाबदारी सांभाळून.

क्लब आणि देश ही दोन्ही कामे एकाच माणसाला झेपत नाहीत, असे तेव्हा म्हटले जात होते. तसे असेल तर महासंघाने त्यांना पूर्णवेळ करार देऊन, चार वर्षांची मुदत देऊन, हवे ते सहायक देऊन पाहायला हवे होते. ते झाले नाही. ऑक्टोबरपर्यंत संघ सावियो मेदेरा यांच्याकडे गेला. मेदेरा आपलेच, आणि त्यांनी त्या डिसेंबरात दक्षिण आशियाई देशांचा सॅफ चषक जिंकून दिला, म्हणून त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. परंतु मार्च २०१२ मध्ये काठमांडूतील आशियाई चॅलेंज चषकात भारत तिन्ही सामने एकही गोल न करता हरला, आणि इकडे कुलासो यांच्या धेंपोने त्याच हंगामात आय-लीग जिंकली, रँटी मार्टिन्स यांनी एकट्याने ३२ गोल केले. देशातला सर्वांत यशस्वी प्रशिक्षक मोकळा होऊन पुन्हा फक्त क्लब सांभाळत होता आणि देश नवा परदेशी प्रशिक्षक शोधत होता. पुढे विम कूवरमान्स आले, त्यांच्या काळात आपण सॅफची अंतिम लढत अफगाणिस्तानकडून गमावली, तरी त्यांना दोन वर्षे मिळाली. इगोर स्टिमॅक यांना पाच वर्षे मिळाली, आणि २०२४ मध्ये गुवाहाटीत, घरच्या मैदानावर, आपण पुन्हा अफगाणिस्तानकडून हरलो. पराभव सगळ्यांच्याच वाट्याला आले; वेळ मात्र परदेशातून आलेल्यांनाच मिळाला.

कुलासो यांच्याविषयी नेहमी बोलले जाणारे दुसरे वाक्य म्हणजे, धेंपोकडे पैसा होता, रँटी आणि बेटो हे परदेशी खेळाडू होते, मग कोणीही जिंकले असते. पैसा मोहन बागानकडे नव्हता का? ईस्ट बंगाल, महिंद्र युनायटेड, चर्चिल, साळगावकर यांच्याकडे नव्हता का? शिवाय ज्यांना असे वाटते त्यांनी डिसेंबर २००४ आठवावा. बंगळूरूमध्ये फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात धेंपोचे ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर यांनी मोहन बागानविरुद्ध दुसरा गोल केला, त्याच क्षणी गोलरक्षकाशी धडक होऊन ते कोसळले आणि पुन्हा उठले नाहीत. चषक जिंकलेला संघ आपल्या सहकाऱ्याला गमावून गोव्यात परतला. क्लबने दहा क्रमांकाची जर्सी कायमची बाजूला ठेवली. त्या मनःस्थितीतल्या मुलांना पुन्हा सरावाला उभे करून कुलासो यांनी त्याच हंगामात धेंपोला आय-लीगच्या आधीच्या राष्ट्रीय लीगचे पहिले विजेतेपद मिळवून दिले. हे काम पैशाने होत नाही. मी त्या वर्षांत फातोर्ड्याच्या मैदानावर नियमित जात असे, आणि क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा ही सगळी मंडळी वर्षानुवर्षे एकत्र खेळताना पाहिली आहे. मधल्या फळीत क्लायमॅक्सने चेंडू अडवायचा, तो बेटोच्या पायाशी जायचा, आणि डाव्या बगलेवर क्लिफर्ड आधीच धावू लागलेला असायचा. बेटोला मान वर करून पाहावे लागत नसे. राष्ट्रीय संघातही तेव्हा यातलेच किती खेळाडू असत हे आपल्या क्रीडा विभागाला सांगायला नको.

याच क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे २०२३ मध्ये ओडिशा एफसी हा क्लब संघ तात्पुरता सोपवला गेला. त्यांनी सुपर कप जिंकून दिला, आणि तरीही पूर्णवेळ पद स्पेनच्या सर्जिओ लोबेरा यांना मिळाले. लोबेरा मोठे प्रशिक्षक आहेत, वाद नाही. पण गुरूच्या बाबतीत जे घडले तेच बारा वर्षांनी शिष्याच्या बाबतीत घडले, आणि याची चर्चा जमील यांच्यावरील लेखात व्हायला हवी होती. नेमका तोच या विषयाचा गाभा होता.

जाता जाता आणखी एक. जानेवारी २०२५ मध्ये कुलासो यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, तेव्हा आपल्या अंकात ती बातमी एका कोपऱ्यात होती आणि पानाचा वरचा सगळा भाग इंग्लिश प्रीमियर लीगच्या छायाचित्राने व्यापला होता. गोवा प्रोफेशनल लीगच्या सामन्यांचे निकालही आपण कधी छापता, कधी नाही. आमच्या वाड्यावरची मुले मँचेस्टरच्या राखीव खेळाडूंची नावे सांगतात. धेंपोच्या या वर्षीच्या गोलरक्षकाचे नाव त्यांना माहीत नसते, आणि त्यात मुलांचा दोष नाही.

माझी विनंती एवढीच आहे की, त्या दीड ओळीबद्दल आपण खुलासा छापावा, अल ऐनच्या सामन्यातील दोन लाल कार्डांचा आणि कतारविरुद्धच्या विजयाचा त्यात उल्लेख करावा, आणि येत्या रविवारच्या पुरवणीत श्री. कुलासो यांची सविस्तर मुलाखत घ्यावी. ते इथेच, गोव्यातच आहेत.

आपला,
एक वाचक, फोंडा