बाळू, तू तिच्याशी बोल

टिळकवाडी, बेळगाव
जुलै २०२५

प्रिय बाळू,

फोन न करता पत्र लिहितोय, कारण हा विषय निघाला की तू क्रिकेटवर उडी मारतोस आणि मग फोन ठेवतोस. कागदावरून तुला पळता येणार नाही. घरी सगळं बरं आहे. आईची शुगर आहे तशीच, माझं बी.पी. गोळीवर चाललंय, पाऊस म्हणशील तर आठ दिवस कपडे वाळलेले नाहीत. झालं.

एनबीएत, त्या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये, इंडियानाच्या हॅलिबर्टनची टाच गेली ते तू बघितलंस का? २३ जूनची सकाळ, साडेपाच वाजता आपल्याकडं सुरू झालेला फायनलचा सातवा सामना. मी आणि धाकटी मोबाइल पोह्यांच्या डब्याला टेकवून बसलो होतो. पोरानं पहिल्याच क्वार्टरमध्ये लांबून तीन टाकले, नऊ पॉइंट. धाकटी तर पलंगावर उभीच होती. मग त्यानं आत घुसायला उजव्या पायावर जोर दिला आणि तसाच कोसळला. हातानं जमीन बडवत राहिला. रिप्लेत त्याची पोटरी थरथरलेली स्पष्ट दिसली. मी पुढं नीट बघूच शकलो नाही. मला धारवाडची ती मॅच दिसायला लागली, तुझी टाच गेली ती. तू मागं वळून "कोण बे लाथ मारला?" म्हणून ओरडलास आणि मागं कोणीच नव्हतं.

म्हणून तुलाच लिहितोय. ही म्हणाली, "अमेरिकेतल्या कुणाचा तरी पाय गेला म्हणून तुम्ही चहा टाकून बसलाय होय?" तिला काय सांगू?

धाकटीचं वेड तुला माहीत आहे, पण आता ते कुठवर गेलंय ते ऐक. ती गार्ड खेळते आणि तिचा शॉट वाकडा आहे, बाजूनं ढकलल्यासारखा. सरांनी सरळ करायचा केवढा प्रयत्न केला. मग तिला हा हॅलिबर्टन सापडला, त्याचा शॉट तसाच, आणि तेव्हापासून सरांचं काही चालेना. विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश नावाच्या गावचा पोरगा, आयोवा स्टेटकडून खेळला. २०२० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, बाराव्या नंबरवर सॅक्रामेंटोनं घेतला आणि दोन वर्षांत इंडियानाला देऊन टाकला. तिथं जाऊन २०२३-२४ मध्ये अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात जास्त असिस्ट, म्हणजे बास्केट करून देणारे पास, सामन्याला सरासरी १०.९. यंदा एप्रिलमध्ये खेळाडूंनीच नाव न सांगता मतं दिली की सगळ्यात फुगवलेला खेळाडू हाच. आणि त्यानंतरच्या प्लेऑफमध्ये त्यानं काय केलं? मिलवॉकी, क्लीव्हलँड, न्यूयॉर्क, मग फायनलचा पहिला सामना, प्रत्येक ठिकाणी शेवटच्या क्षणाला बॉल याच्या हातात आणि बॉल आत. फायनलच्या त्या सामन्यात ओक्लाहोमाविरुद्ध तर ०.३ सेकंद उरले होते. धाकटीला हे सगळं तोंडपाठ आहे. केमिस्ट्री नाही.

न्यूयॉर्कविरुद्धच्या चौथ्या सामन्यात त्याचे ३२ पॉइंट, १५ असिस्ट, १२ रिबाउंड आणि एकही टर्नओव्हर नाही, बॉल एकदाही समोरच्यांना घालवला नाही. शून्य! बाळू, तू टॉसला जाताना सुद्धा टर्नओव्हर करायचास. आणि हुबळीत तू मला पास दिला नाहीस, मी बास्केटखाली एकटा उभा होतो, हे मी मरेपर्यंत म्हणणार. तू "दिसला नाहीस" म्हण, काय म्हणायचं ते म्हण.

असो. मूळ गोष्ट ही. फायनलच्या पाचव्या सामन्यात त्याची पोटरी दुखावली होती, सगळ्यांना माहीत होतं. सहावा तो तशीच पोटरी घेऊन खेळला आणि टीमनं १०८-९१ नं मारला. सातव्यात टाचेमागची शीर, ते अकिलीस टेंडन, तुटली. २०१९ मध्ये ड्युरंटचंही, तोही एनबीएतलाच मोठा खेळाडू, हेच झालं होतं. आधी पोटरी, मग फायनलमध्ये परत येणं, मग टाच.

आणि आता आमच्या धाकटीची पोटरी दुखायलीय.

ती सांगत नाही. माझ्यासमोर ताठ चालते. पण परवा मी गच्चीवरून बघितलं, जिन्यावर कोणी नाही असं समजून ती कठड्याला धरून एकेक पायरी चढत होती, दुखऱ्या पायाची टाच न टेकवता. दोरीवर तिच्या युनिफॉर्मच्या आत लपवून क्रेप बँडेज वाळत घातलेलं असतं. मोजे गुडघ्यापर्यंत ओढून जाते. डॉक्टरांकडं ओढत नेलं, त्यांनी पूर्ण विश्रांती सांगितली आणि ठीक झाल्यावरच हळूहळू पळायचं म्हणाले. पण पुढच्या महिन्यात निवड आहे. जिल्हा झाला की विभाग, विभाग झाला की राज्य. तिचं म्हणणं असं की पुढच्या वर्षी सेकंड पी.यू.सी., म्हणजे बारावी, तुम्हीच मला क्लासला बसवणार, मग खेळू कधी? याला माझ्याकडं उत्तर नाही, कारण ती खरं बोलायलीय. सर म्हणतात, "आडलि बिडि अण्णा, खेळू द्या की, वयाचं दुखणं आहे, जाईल." वयाचं दुखणं! आणि ते आपलं सिमेंटचं कोर्ट तुला आठवतंय ना, पावसाळ्यात कडेला शेवाळ धरतं. अजून तसंच आहे. पोरं गोणपाटानं पुसतात आणि खेळतात.

मी खेळू नको म्हटलं की ती मोबाइल पुढं करते. ऑपरेशननंतर हॅलिबर्टननं लिहिलंय की मला पश्चात्ताप नाही, वेळ आली तर परत हेच करेन. ते तिनं जपून ठेवलंय. वाचून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. पण मला त्या ओळींची भीती वाटते. तो पंचवीस वर्षांचा आहे. त्याचा स्कॅन झाला होता, शेजारी डॉक्टर उभे होते, धोका काय आहे ते त्याला कळत होतं आणि निर्णय त्याचा होता. पाच वर्षांचा करार आहे. टीमनं जाहीर केलंय की येतं अख्खं वर्ष तो खेळणार नाही, म्हणजे त्याच्यासाठी थांबतील. आमच्या पोरीसाठी कोण थांबणार? आपल्याकडं बास्केटबॉलवर पोट भरायचं म्हणजे रेल्वे नाहीतर पोलीस, आणि तिथंही पाय धड लागतात. सतरा वर्षांच्या पोरीनं पाय पणाला लावायचा तो कशासाठी, एका निवडीसाठी? मला हे शौर्य वाटत नाही. मोठ्या माणसांनी तिच्यावर टाकलेलं ओझं वाटतं.

हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, तुम्हाला कधी काही लागलंच नाही. बाळूकाकांना विचारा. ते खेळले की नाही? जिंकले की नाही?"

बाळू, ती धारवाडची मॅच तिनं किती वेळा ऐकली असेल. दिवाळीला सगळे जमले की कोणीतरी काढतंच, बाळू एका पायावर कसा खेळला, आणि तू हसतोस. मॅचच्या आदल्या रात्री लॉजवर पोटरीला बर्फ लावत बसला होतास ते त्या गोष्टीत नसतं. प्लॅस्टर नसतं. नंतर तू कोर्टाच्या बाजूनं जायचं टाळून पहिल्या रेल्वे गेटवरून लांबचा रस्ता घ्यायचास, तेही नसतं. मी संध्याकाळी तुझ्या घरी यायचो तेव्हा तू भिंतीकडं तोंड करून झोपलेला असायचास आणि काकू मला खुणेनं म्हणायच्या, बस जरा. हे तू कधी कुणाला सांगितलं नाहीस. मीही सांगणार नाही, ते माझं नाही. पण तिच्या दृष्टीनं ती फक्त जिंकल्याची गोष्ट आहे.

तर तू तिच्याशी बोल. तिला घाबरवू नकोस, खेळ सोड असं तर अजिबात म्हणू नकोस, सोडलेलं मलाही बघवणार नाही. फक्त त्यानंतरचं वर्ष सांग. तुझ्याकडून ऐकेल. हॅलिबर्टनच्या खालोखाल तिच्यासाठी तूच आहेस, आणि तो फोन करणार नाही.

वहिनींची बदली रद्द झाली का? चिरंजीवांना पुण्यातच ॲडमिशन मिळाली म्हणे, छान झालं, रूमचं बघितलंस का? फ्लॅटचा ताबा मिळाला की कळव. तुझ्या मेव्हण्याचं काम मी विसरलेलो नाही, खानापूरला गेलो की बघतो.

फोन रविवारी सकाळी दहानंतर कर, तेव्हा ती क्लासहून आलेली असते. तिच्या नंबरवर कर. गणपतीपर्यंत थांबू नकोस, निवड त्याआधी आहे. आणि मी पत्र लिहिल्याचं तिला कळलं तरी चालेल, लपवायचं काही नाही.

वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद.

तुझा,
दाद्या