बाबा, दोष मनगटाचा नाही, टोकाचा आहे

प्रिय आई, प्रिय बाबा,

परवा फोनवर बाबा म्हणाले ना, "आता मनगटात जोर राहिला नाही गं, साधा स्क्रू निघत नाही माझ्याच्याने," ते तेव्हापासून मनातून जातच नाहीये, म्हणून आज निवांत लिहायला बसलेय. आईने बिजागरीचा आणि तळहाताच्या जखमेचा असे दोन्ही फोटो पाठवलेले, जखमेचा बघून पोटात गोळाच आला, पण बिजागरीचा मोठा करून करून बघितला आणि बाबा, खरंच सांगते, यात तुमच्या मनगटाचा काही संबंध नाही. स्क्रू एका जातीचा होता आणि ड्रायव्हर दुसऱ्या जातीचा.

आपल्या घरात कायम दोनच प्रकार, सपाट आणि स्टार. पण स्टार दिसणारे सगळे स्क्रू एक नसतात हो. त्या फोटोत नीट बघा, फुलीच्या चार हातांच्या मधल्या जागांत चार बारीक तिरक्या रेघा दिसतील. ती पोझिड्राइव्हची खूण. आपल्या डब्यातला स्टार आहे तो फिलिप्स, त्याची खाच आत निमुळती होत जाते, भिंती उतरत्या असतात, त्यामुळे पिळायला जोर लावला की टोक आपोआप वर चढतं आणि सटकतं, याला कॅम आउट म्हणतात. पोझिड्राइव्हच्या भिंती जवळजवळ उभ्या असतात, म्हणून बरोबर टोक असेल तर तो फिलिप्सपेक्षा कितीतरी घट्ट धरतो, पण त्यात फिलिप्सचं टोक घातलं की ते नुसतं डुगडुगतं आणि दोन-तीनदा सटकलं की खाचेच्या कडा खरवडून गोल होतात. कपाटांच्या बिजागऱ्यांना हा पोझिड्राइव्ह भरपूर वापरतात, आणि तुम्ही त्यावर आधी स्टार आणि मग तो टेस्टर लावलात, हो ना? आईने सांगितलं मला.

टेस्टरबद्दल मात्र जरा रागावूनच लिहिते. त्याचं काम करंट आहे का बघायचं, त्याच्या मुठीत निऑनचा दिवा आणि रेझिस्टर असतो आणि पातं बारीक असतं, त्याने स्क्रू पिळले की पातं वाकतं, मूठ तडकते, आणि मग उद्या त्याच तडकलेल्या टेस्टरने तुम्ही बोर्डात करंट बघणार. नको बाबा. टेस्टर फक्त टेस्टिंगला.

हाताला लागणं ही सपाट खाचेची फार जुनी गोष्ट आहे. कॅनडात रॉबर्टसन नावाचा एक फिरता विक्रेता होता, लोकांसमोर अवजार दाखवताना टोक खाचेतून सटकून त्याच्या हाताला जखम झाली म्हणतात, आणि त्यानंतर १९०८ मध्ये त्याने चौकोनी खड्ड्याचा स्क्रू काढला, ज्यात टोक बाजूला सरकूच शकत नाही. तिकडे तो आजही चालतो. फिलिप्स १९३० च्या दशकातला, गाड्यांच्या कारखान्यात मशीनचं टोक स्वतःहून मधोमध बसावं यासाठी तो सोयीचा ठरला आणि सगळीकडे पसरला. म्हणजे बघा, तुमच्यासारखंच कुणाच्या तरी हाताला लागलं आणि त्यातून नवा स्क्रू आला.

स्टारमध्ये अजून एक तिसरा भाऊ आहे, जपानी. जुन्या जपानी मोटरसायकली, कॅमेरे यांवर असतो, फुलीच्या बाजूला बरेचदा एक छोटा ठिपका असतो. तो दिसतो अगदी फिलिप्ससारखा पण त्यात साधा फिलिप्स पूर्ण खोल बसत नाही, म्हणून जुन्या गाडीचे स्क्रू सगळ्यांकडून खराब होतात आणि लोक म्हणतात स्क्रूच हलके होते. सहा पाकळ्यांचा असतो तो टॉर्क्स, १९६७ चा, हल्ली मिक्सर, ट्रिमर, गाड्या सगळीकडे. तो मला सगळ्यात आवडतो कारण त्यात दाबावं फार लागत नाही, टोक वर चढतच नाही, वयाच्या हातांना तर फारच बरा. काहींच्या मधे एक छोटी पिन असते, त्याला भोकवालं टोक लागतं, तिथे उगाच जोर करू नका. आणि षटकोनी खड्ड्याला ॲलन की, ती तर तुमच्याकडे आहेच, फक्त मिलिमीटरच्या स्क्रूत इंचवाली घालू नका, पाच मिलिमीटरमध्ये तीन-सोळांश इंचाची घातली की थोडी सैल बसते आणि कोपरे खाते.

आई, तुझ्या शिलाई मशीनची गोष्ट वेगळी. सुईखालच्या पट्टीचे स्क्रू सपाट खाचेचे, डोकं रुंद आणि खाच उथळ. त्याला बुटका पण रुंद पात्याचा ड्रायव्हर लागतो, पातं खाचेच्या पूर्ण लांबीइतकं आणि जाडीलाही घट्ट बसणारं. साध्या स्वस्त ड्रायव्हरचं पातं पाचरीसारखं उतरतं असतं, ते खाचेत वरच्या कडेवरच टेकतं आणि उडतं, चांगल्याचं टोकाकडे दोन्ही बाजू समांतर घासलेल्या असतात, बोटाने चाचपलंस तरी कळेल. तू कात्रीच्या टोकाने काढतेस ना, ते प्लीज बंद कर.

तर सोबतच्या खोक्यात ड्रायव्हर पाठवतेय. पंचवीस तुकड्यांचा सेट मुद्दाम घेतला नाही, त्यातले वीस आयुष्यभर तसेच पडून राहतात आणि लागणारा एक मऊ निघतो. फिलिप्स एक आणि दोन नंबर, पोझिड्राइव्ह दोन नंबर, दोन सपाट, आणि चष्म्यासाठी एकदम बारीक. मुठीवर पीएच लिहिलंय तो फिलिप्स, पीझेड तो पोझिड्राइव्ह, मी वर पांढऱ्या रंगाने मोठ्ठं लिहून ठेवलंय, चष्मा न शोधता दिसेल. बहुतेक घरगुती कामाला दोन नंबरच लागतो, एक नंबरचा बारीक टोकाचा मोठ्या स्क्रूत फिरवणं हेच स्क्रू खराब व्हायचं दुसरं मोठं कारण.

मुठी जाड आहेत, हातात धरून बघितल्यावर आधी विचित्र वाटेल पण बाबा हाच खरा मुद्दा आहे. पीळ किती बसतो ते मुठीच्या जाडीवर ठरतं, दांडी लांब असल्याने जोर वाढत नाही, लांब दांडीने फक्त सरळ धरायला सोपं जातं. तुमचा जुना होता त्याची मूठ पेनाएवढी आणि गुळगुळीत, त्यावर कुणाचाही हात घसरेल. मोठ्या दोघांना मुठीखाली षटकोनी गळा आहे, फारच अडलं तर तिथे पाना लावून फिरवता येतं. टोकं काळी आणि चुंबकवाली आहेत, स्क्रू टोकाला चिकटून राहतो, हात थरथरला तरी खाली पडून सोफ्याखाली जात नाही. पोलाद क्रोम व्हॅनेडियम आहे, पण ते नुसतं लिहिलेलं असून भागत नाही, टोक नीट कडक केलेलं असावं लागतं, म्हणून मी ही टोकं चार जुन्या स्क्रूंवर पिळून बघितली आणि मगच पॅक केली. एकाची मूठ लाल-पिवळी आहे, त्याच्यावर १००० व्होल्टची खूण आहे, बोर्डाचं काही असेल तर तोच, आणि तोही मेन स्विच बंद करूनच.

वापरताना आधी टोक खाचेत ठेवून नुसतं हलवून बघा, डुगडुगलं तर नंबर किंवा जात चुकलीये, जोर लावूच नका. मग पिळण्यापेक्षा दाब जास्त द्यायचा, जपानी कारागीर सात भाग दाब आणि तीन भाग पीळ म्हणतात, आणि दाब हाताने नाही, खांद्याने द्या. स्क्रू परत लावताना, विशेषतः लाकडात नि प्लॅस्टिकमध्ये, आधी उलटा फिरवा, हळूच टक करून खाली बसल्यासारखं जाणवेल, तेव्हा सुलटा वळवा, म्हणजे जुन्याच आट्यांत जातो आणि भोक सैल होत नाही. हे मला तुम्हीच शिकवलं होतंत लहानपणी, रेडिओ उघडला होता तेव्हा, आठवतंय का?

त्या बिजागरीच्या स्क्रूला आता हात लावू नका, त्याच्या कडा गेल्यात. थोडं तेल सोडून रात्रभर राहू दे, मग खाचेवर रबरबँडचा रुंद तुकडा ठेवून पीझेड दोनने सावकाश बघा, आई दार धरून उभी राहू दे, आणि दुसरा हात स्क्रूच्या समोर ठेवायचा नाही म्हणजे नाही. निघाला तर फोन करा. नाही निघाला तर तसाच ठेवा, मी पुढच्या महिन्यात येतेय तेव्हा दोघं मिळून काढू, आणि नवा स्क्रू तुम्हीच बसवा.

जखमेवर पाणी लागू देऊ नका. आई, तू बघ.

तुमची लेक