राखेचा रंग

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू आलीस तेव्हा चार रात्री मी झोपेचं सोंग घेऊन तुझा स्क्रीन बघत पडलो होतो. विचारायला तोंड नव्हतं. तू 'गॉड ऑफ वॉर' या व्हिडिओ गेममधल्या क्रेटॉसचं चित्र काढत होतीस, आणि आल्या दिवशीच मी बोलून बसलो होतो, "दुसऱ्यानं बनवलेलं पात्र काढण्यात कसली आलीय कला?" तू "बरं" म्हणालीस आणि हेडफोन घातलास. तुझं ते "बरं" मला अजून टोचतंय.

आधी तू करड्या रेघांनी नुसता सांगाडा टाकलास. मग तो फिका करून वरच्या लेयरवर, म्हणजे काचेसारख्या वेगळ्या थरावर, नेटकी रेघ मारलीस. खाली सपाट रंग भरलेस, त्यावर मल्टिप्लाय, म्हणजे खालचा रंग गडद करणारा थर, लावून सावली घातलीस. मधूनच सगळा रंग उडवून चित्र काळं-पांढरं करून बघायचीस. ते बघून मला गंमत वाटली. आम्ही डोळे बारीक करून बघायचो, तेच हे. उजेड-अंधार जमला नसेल तर वरचा रंग कितीही भारी लावा, चेहरा उठत नाही.

आणि तू चित्र आरशातल्यासारखं उलटं करून बघतेस, ते तर आमचंच! इथं कोल्हापुरात पापाच्या तिकटीजवळ बोर्ड रंगवायचो तेव्हा माझ्या पेटीत दाढीचा आरसा असायचा. पाठमोरं उभं राहून त्यात चेहरा बघायचा, वाकडा डोळा लगेच सापडतो. तुझं ते एक बटण दाबलं की होतं, एवढाच फरक.

पण तिथंच घोटाळा झालाय बघ. तू म्हणालीस, "पप्पा, आज पूर्ण करतो" (पुण्यात तीन वर्षं राहून तुझं "करतो" काही सुटलं नाही, बरं वाटलं), आणि रात्री दोन वाजता उलट्या चित्रावरच त्या क्रेटॉसचा लाल पट्टा ओढलास. सरळ केल्यावर तो त्याच्या उजव्या डोळ्यावर गेला. असायला हवा डाव्या. मी तुझ्या शेजारच्या खिडकीतल्या फोटोशी ताडून बघितलंय.

दुसरं म्हणजे त्याची कातडी. तू ती पांढरीच भरलीस. तुझ्या धाकट्या भावाला विचारलं, हा माणूस असा पांढरा का? तो म्हणाला, त्याच्या हातून बायको आणि पोरगी मेली, त्यांची राख अंगाला कायमची चिकटली. मनू, मी पंचगंगेच्या घाटावर राख बघितलीय. ती पांढरी नसते. सावलीत निळसर, उजेडात जराशी पिवळट, आणि सांध्यात, घडीत काळी बसते. खांद्याच्या कडेला थोडा निळा घालून बघ. डोळ्याखाली मात्र कातडीचा तांबूस राहू दे, राख तिथं टिकणार नाही, माणूस रडलेला असणार.

हे लिहिताना माझं मलाच हसू आलं. मी आयुष्यभर काय केलं? महाराज, जोतिबा, पिक्चरचे हिरो. एक तरी चेहरा माझा स्वतःचा होता का? आपले बाबूराव पेंटरसुद्धा नाटकाचे पडदे रंगवत पुढं आले, आणि १९२० ला त्यांनी सिनेमाच्या पडद्यावर आणली ती 'सैरंध्री' महाभारतातलीच की. फ्लेक्स आल्यावर माझा ब्रश सुटला, त्याचा राग मी तुझ्या पेनवर काढला असावा.

कांदा-लसूण चटणीचा डबा पार्सलनं धाडलाय, आईनं तिखट जरा जास्तच केलंय. चित्राचा ए-फोर प्रिंट पाठव, ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) काढ, नाहीतर कडा फुटतील. भिंतीवर कॅलेंडर होतं ती जागा रिकामी केलीय. पण पट्टा डाव्या डोळ्यावर घेतल्यावरच पाठव.

तुझा,
पप्पा